कादंबरीवर शेवटचा हात फिरवताना

कादंबरी लिहून पूर्ण झाली, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या खानदेशात कपाटात हस्तलिखित नसलेला गृहस्थ शोधावा लागतो, आणि त्या गर्दीत आपण मागे राहिला नाहीत हे बरेच झाले. आता काही विघ्नसंतोषी मंडळी ‘छापण्यापूर्वी एकदा सावकाश वाचून पाहा’ असे सुचवतील. त्यांच्या नादी अजिबात लागू नये. आपले लेखन आपल्यालाच वाचावे लागू नये, म्हणून तर माणूस ते छापून दुसऱ्याच्या हाती देतो.

वाचायला बसलात, की तिसऱ्या प्रकरणात सर्पदंशाने वारलेले आप्पा अकराव्या प्रकरणात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजताना सापडतात. दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापूसवेचणी आपल्या नायिकेने वैशाखात उरकलेली असते, कारण तिच्या कपाळावर घामाचे थेंब आपल्याला हवे होते. असे काही दिसले, तर एकतर आप्पांना उठवावे लागेल किंवा वांगी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागतील, आणि दोन्ही कामांना आठवडा मोडतो. तेवढ्यात मुखपृष्ठाचे चार नमुने पाहून होतात.

तरीही संस्कार केल्याचे समाधान हवेच असेल, तर ते संगणकाकडून करून घ्यावेत. मी स्वतः ते केले आहे. माझ्या नायकाचे नाव ‘राम’ होते. ते जुनाट वाटले, म्हणून एका कळीसरशी सगळीकडे ‘सुहास’ करून टाकले आणि निश्चिंत झोपलो. सकाळी पाहतो, तर गावात ‘ग्सुहासपंचायत’ उभी राहिलेली, आजारी आईला डॉक्टरांनी ‘आसुहास’ सांगितलेला, आणि पारावर बसलेले म्हातारे येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून ‘सुहास सुहास’ म्हणत होते. मला ते वाक्य आजही आवडते. अर्थात, हे सारे मला दिसले, कारण मी वाचण्याची चूक केली.

संवाद अहिराणीत असतील, तर ते मुद्रितशोधकाच्या हवाली करून निर्धास्त व्हावे. त्याला अहिराणी येत नसेल तर फारच उत्तम. माझा गुराखी ‘कथा जाई राह्यना?’ म्हणजे ‘कुठे चाललास?’ असे विचारत होता. शोधकाने ‘कथा’ हा शब्द शुद्ध ठरवला, पुढची दोन अशुद्धे सुधारली, आणि ‘कथा जाऊन राहिना’ असे काहीसे गूढ विधान गुराख्याच्या तोंडी आले. १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ मिळून शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत. त्यांतला एकही या वाक्यात मोडलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ तपासून झाले, म्हणजे लेखन तपासून झाले, अशी आपली दृढ श्रद्धा असावी.

काटछाटीविषयी काय सांगावे? पोटच्या पोराचे बोट कोणी कापते का? मात्र पुस्तक साधारणतः १६ पानांच्या फॉर्मच्या हिशेबाने छापतात, आणि आपली कादंबरी नेमकी २०० पानांची, म्हणजे साडेबारा फॉर्मची भरली, की मुद्रक ‘आठ पाने कमी करता का?’ असे विचारतो. तापीकाठच्या सूर्यास्ताची आठ पाने आपल्याकडे असतात. तीच गेली तरी गोष्टीचे काही अडत नाही, हे आपल्याला आतून ठाऊकही असते. तरीही सूर्याला हात लावू नये. उलट आठ पानांचे मनोगत जोडून तेरा फॉर्म पुरे करावेत. त्यात ही कादंबरी आपण किती वेळा पुन्हा लिहिली, तेही सविस्तर सांगता येते.

प्रकाशनाच्या दिवशी पाहुणे मुखपृष्ठाची आणि कागदाची मनापासून स्तुती करतील, कारण त्यांनीही तेवढेच पाहिलेले असते. एखाद्या आगाऊ वाचकाने आप्पांचा विषय काढलाच, तर वाद घालू नये. मंडपामागे भरीत-पुरीची पंगत बसत असते. नम्रपणे तिकडे हात दाखवावा आणि वांगी आप्पांनीच भाजली आहेत असे सांगावे.