विकिपीडियाच्या शॉर्टकटमध्ये व्हायरस नसतो: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पोलीस भरती, तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांच्या पालक-ग्रुपवरही तोच आलाय. त्याचं सांगणं असं: ब्राउझरमध्ये विकिपीडिया शोधायचा शॉर्टकट कोणी बसवून दिला असेल तर लगेच काढून टाका. तो व्हायरस असतो, त्याच्या लिंकमध्ये टक्के-टक्के असा कोड असतो, त्यातून बँकेचे पासवर्ड जातात आणि एकदा बसला की तो निघत नाही. शिवाय गुगलवर तेच मिळतं, मोबाईलवर तो चालत नाही आणि मराठी विकिपीडियावर वाचण्यासारखं काही नाहीच.

मी तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर शिकवतो. आजूबाजूच्या गावांतल्या अभ्यासिकांमधल्या मशीनवर हे शॉर्टकट मीच बसवून दिले होते. मेसेज आल्यावर बहुतेक ठिकाणी पोरांनी ते काढून टाकले. ‘सर, कायले झंझट, म्हणून डिलीटच करून टाकलं,’ असं एकाने सांगितलं. त्याचा दोष नाही. ज्याच्या घरचं पीककर्जाचं आणि अनुदानाचं खातं एकाच मोबाईलशी जोडलेलं आहे, तो बँक आणि पासवर्ड हे शब्द वाचून घाबरणारच. पण त्या मेसेजमधलं जवळपास सगळं चुकीचं आहे, आणि ज्यांच्याकडे आधीच साधनं कमी, त्यांच्या हातातून एक चांगलं साधन त्यामुळे जातंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा व्हायरसचा. शॉर्टकट हा प्रोग्रॅमच नाही. तो इंटरनेटवरचा एक पत्ता आहे आणि त्यात एक जागा रिकामी सोडलेली असते. विकिपीडियावर काहीही शोधा, वरच्या पट्टीत एक लांब पत्ता दिसतो आणि त्या पत्त्यात तुम्ही शोधलेला शब्द असतो. त्या शब्दाच्या जागी आपण टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस लिहितो. ब्राउझरला ती खूण कळते: इथे माणूस जे टाइप करेल ते घालायचं आणि पत्ता उघडायचा. एवढंच काम. काही डाउनलोड होत नाही, काही इन्स्टॉल होत नाही. शेजारच्या टॅबमध्ये बँकेचं पान उघडं असलं तरी ते वाचायची ताकद त्या पत्त्यात नसते.

विश्वास बसत नसेल तर स्वतःच्या हाताने करून पाहा. कॉम्प्युटरवर मराठी विकिपीडिया उघडा आणि त्याच्या शोधपेटीत इंग्रजी अक्षरांत काहीतरी निरर्थक टाइप करा, म्हणजे झेड-झेड-क्यू-क्यू वगैरे. निरर्थकच का, तर खरा शब्द टाकला आणि त्या नावाचा लेख असला तर विकिपीडिया थेट लेखावर नेतो आणि शोधाचा पत्ता दिसतच नाही. आता वरचा पत्ता कॉपी करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’, त्यात ‘मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च’, तिथे ‘साइट सर्च’समोर ‘अ‍ॅड’. तीन रकाने येतात. पहिल्यात नाव, दुसऱ्यात शॉर्टकटचं अक्षर (मी इंग्रजी एम, डब्ल्यू ठेवतो), तिसऱ्यात तो पत्ता, फक्त झेड-झेड-क्यू-क्यूच्या जागी टक्के-एस. सेव्ह करा. यापुढे वरच्या पट्टीत एम, डब्ल्यू टाइप करून टॅब दाबायचं, शब्द लिहायचा, एंटर. फायरफॉक्समध्ये तर विकिपीडिया बहुतेक वेळा आधीपासूनच असतो, आणि नसला तर विकिपीडियाच्या शोधपेटीवर राइट क्लिक केलं की जोडायचा पर्याय मिळतो. यात कुठली फाइल आली? कुठे ओटीपी द्यावा लागला?

आता तो ‘टक्के-टक्के कोड’. मेसेज लिहिणाऱ्याला तो खरंच दिसला असणार, कारण तो असतोच. पण तो कशाचा आहे ते त्याने विचारलं नाही. पत्त्यात मूळची सोय इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची. देवनागरी शब्द पत्त्यातून पाठवायचा तर ब्राउझर आधी त्याचे बाइट (कॉम्प्युटरला कळणारे छोटे आकडे) करतो आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून दोन अक्षरांत लिहितो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कापूस’ घ्या. क, काना, प, दीर्घ उकार, स अशी पाच चिन्हं. पाच त्रिक पंधरा बाइट, आणि प्रत्येकाला तीन जागा, म्हणजे साध्या ‘कापूस’ची पत्त्यात पंचेचाळीस अक्षरं होतात. नुसता ‘क’ लिहिला तरी टक्के-ई-शून्य, टक्के-ए-चार, टक्के-पंच्याण्णव असा दिसतो. नीट पाहिलंत तर मराठी शब्दातल्या प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे असतात आणि त्यातला पहिला कायम ई-शून्यच असतो. कोणी हल्लेखोराने लपवलेलं असं त्यात काही नाही, ते तुमचंच मराठी आहे. बातमीची मराठी मथळ्याची लिंक ग्रुपवर टाकली की हीच माळ दिसते. तिला कोणी व्हायरस म्हणत नाही.

पासवर्डचा मुद्दा याच्यातच निकालात निघतो. एक भर घालतो. विकिपीडियाने २०१५ मध्ये आपली सगळी ये-जा एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीवर नेली. म्हणजे मधल्या वायफायवाल्याला किंवा मोबाईल कंपनीला तुम्ही विकिपीडियावर आहात एवढं कळू शकतं, कोणता लेख वाचताय ते कळत नाही. आणि शॉर्टकटने शोधलं तर शब्द थेट विकिपीडियाकडे जातो. गुगलमधून गेलात तर आधी गुगलकडे, मग विकिपीडियाकडे. कमी ठिकाणी माहिती जाणारी वाट कोणती, ते तुम्हीच बघा.

‘गुगलवर तेच मिळतं’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो ऐकायला खरा वाटतो. कधीकधी खरा असतोही. जिल्ह्याचं नाव, नेत्याची जन्मतारीख असलं काही विचारलं तर गुगलही विकिपीडियाच्या पानाकडेच नेतं. पण आमच्याकडे पोरं काय शोधतात ते बघा.

जुलै-ऑगस्टमध्ये फवारणी सुरू झाली की कोणीतरी औषधाच्या डब्याच्या लेबलचा फोटो घेऊन अभ्यासिकेत येतं. बारीक इंग्रजी अक्षरं, खाली लाल त्रिकोण. लाल म्हणजे अतिविषारी. पिवळा, निळा, हिरवा असे त्याखाली उतरत जातात. समजा लेबलवर नाव आहे मोनोक्रोटोफॉस. ते गुगलमध्ये टाकलं की विकणाऱ्यांची पानं येतात, लिटरचे भाव येतात, ‘जबरदस्त रिझल्ट’ म्हणणारे व्हिडिओ येतात. तेच नाव इंग्रजी विकिपीडियाच्या शॉर्टकटमध्ये टाकलं की लेख उघडतो: हे ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक आहे, माणसांना आणि पक्ष्यांना तीव्र विषारी आहे, अनेक देशांत त्यावर बंदी आहे. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली, ती याच विषामुळे. विकणाऱ्याचं पान हे कशाला सांगेल? त्याचं काम विकणं आहे. ज्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तिथल्या पोराला भावाचं पान आणि विषाची माहिती यांतला फरक एका टॅबच्या अंतरावर मिळत असेल, तर तो शॉर्टकट काढून टाका असं सांगणाऱ्याने आधी दहादा विचार करायला हवा होता. (फवारून आलेल्या माणसाला चक्कर, मळमळ, घाम सुरू झाला असेल तर मात्र काहीही शोधत बसू नका. डबा सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. डॉक्टरला औषधाचं नाव लागतं.)

डेटाचंही तसंच. अर्ध्या गावात टॉवर एक काडी दाखवतो. गुगलचं निकालाचं पान लोड व्हायचं, मग त्यातून लिंक शोधायची, मग दुसरं पान लोड व्हायचं. शॉर्टकटमध्ये मधलं पान गळतं, आणि नाव तंतोतंत जुळलं तर निकालांची यादीसुद्धा न येता सरळ लेख येतो. त्यात विकिपीडियावर जाहिराती नाहीत. ती चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ना-नफा संस्था आहे, देणग्यांवर चालते. रात्री दीडला डेटा संपत आलेला असताना हा फरक पोरांना चांगला कळतो.

‘एकदा बसला की निघत नाही.’ निघतो. जिथे जोडला तिथेच त्याच्यासमोर तीन टिंबं असतात, त्यात ‘डिलीट’. तुमचं नेहमीचं सर्च इंजिन तो आपोआप बदलत नाही. तिथलं ‘मेक डिफॉल्ट’ तुम्ही स्वतः दाबलं तरच बदलतं. पट्टीत काही लिहिताना चुकून शॉर्टकट लागू होत असेल तर त्याच पानावर तो फक्त टॅबने सुरू व्हावा अशी निवड आहे, ती करा. आणि ज्या पोरांनी आमच्या अभ्यासिकांतले शॉर्टकट एका मिनिटात काढले, त्यांनीच हा मुद्दा खोडून दाखवलाय.

मोबाईलच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. मी वर सांगितलेली क्रोमची पद्धत कॉम्प्युटरची आहे. पण ‘मोबाईलवर चालत नाही’ हे बरोबर नाही. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये नाव आणि टक्के-एस असलेला पत्ता घालून शोध जोडता येतो, अगदी कॉम्प्युटरसारखा. क्रोमच वापरायचा असेल तर मराठी विकिपीडियाचं मुखपृष्ठ उघडून तीन टिंबांतून ‘अ‍ॅड टू होम स्क्रीन’ करा. एका बोटात पान समोर. विकिपीडियाचं स्वतःचं अ‍ॅपही आहे, त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी एकत्र ठेवता येतात आणि त्याची शोधपेटी होम स्क्रीनवर लावता येते. ज्याच्याकडे फक्त मोबाईल आहे, आणि आमच्याकडे बहुतेकांकडे तेवढाच आहे, त्याने अ‍ॅप घ्यावं असं मी सांगतो.

राहिलं ‘मराठीत काही नाही’. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि आज तिथे ९० हजारांहून अधिक लेख आहेत. इंग्रजीत ते ६५ लाखांच्या पुढे आहेत, तेव्हा तुलना करायला गेलं तर मराठी कमी पडणारच. आणि त्या लेखांतही फरक आहे. तुमच्या गावाचं नाव टाकलंत तर बऱ्याचदा अमुक जिल्ह्यातल्या तमुक तालुक्यातलं एक गाव, इतकंच एका साच्यातलं वाक्य मिळेल. मलाही ते वाचून वाईट वाटतं. पण लोणार सरोवर टाका, ताडोबा टाका, गाडगे महाराज, तुकडोजी महाराज टाका. भरतीच्या परीक्षेला जे विचारतात त्यातलं पुष्कळसं तिथे मिळतं. लेख अपुरा वाटला तर भाषांच्या यादीतून त्याच विषयाच्या हिंदी किंवा इंग्रजी लेखावर जाता येतं. ‘कोणीही काहीही लिहितं’ अशी शंका असेल तर लेखाच्या तळाशी संदर्भ दिलेत का ते बघा आणि ‘इतिहास’ उघडून कोणी, कधी, काय बदललं ते वाचा. फॉरवर्ड मेसेजला ना संदर्भ असतो ना इतिहास.

तरीही विकिपीडियावर भरवसा नसेल तर मराठी विश्वकोश घ्या. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सुरू केलेलं काम, वीस खंड, तज्ज्ञांनी लिहिलेले, आणि आता इंटरनेटवर फुकट वाचायला खुले. तालुक्याच्या वाचनालयात ते खंड असले तर कपाटात कुलूपबंद असतात. त्याचाही शॉर्टकट याच पद्धतीने बनतो. मी पोरांना तीन ठेवायला सांगतो: मराठी विकिपीडिया, इंग्रजी विकिपीडिया, विश्वकोश. शब्द एकच, तीन ठिकाणी पडताळायला अर्धं मिनिट पुरतं. शब्द मात्र ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहावा लागतो, कारण गुगल चूक सांभाळून घेतं तसं इथे दर वेळी होत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याची भीती दुसऱ्या एका गोष्टीबद्दल असती तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. ती गोष्ट म्हणजे एक्स्टेंशन, ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम. विकिपीडिया लवकर शोधून देतो असं सांगणारी एक्स्टेंशन मिळतात, आणि त्यातली काही बसवताना तुम्ही उघडाल त्या सगळ्या वेबसाइटवरची माहिती वाचायची आणि बदलायची परवानगी मागतात. ती खरोखरचा प्रोग्रॅम असतात. एक शब्द शोधायला एवढी परवानगी कशाला लागते? असं एक्स्टेंशन असेल तर आजच काढा.

आणि कोणी तयार पत्ता पाठवून ‘हा पेस्ट करा’ म्हटलं तर तो पेस्ट करू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी. स्वतः विकिपीडिया उघडून, स्वतः शोधून तिथला पत्ता घ्या. सेव्ह करण्याआधी एकदा वाचा: सुरुवातीच्या दोन तिरक्या रेषांनंतर जी पुढची तिरकी रेष येते, तिच्या लगेच आधी ‘विकिपीडिया डॉट ऑर्ग’ हवं, आणि त्याच्याही आधी मराठीसाठी एम-आर किंवा इंग्रजीसाठी ई-एन. ज्यांनी शॉर्टकट काढून टाकलेत त्यांनी हे तपासून पुन्हा बसवावेत. अडलं तर संध्याकाळी पाचनंतर मी क्लासवर असतो.