खोती ‘एका सहीने’ गेली नाही

एप्रिल उजाडला की कोकणातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. सार असे: मालेगावकडच्या निमगावचा शेतकऱ्याचा मुलगा, भाऊसाहेब हिरे, मुंबई राज्याचा महसूलमंत्री झाला. शेतकऱ्याचे दुःख त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने एका सहीने खोती, म्हणजे गावचा सारा खोताने वसूल करण्याची जमीनदारी पद्धत, मोडली. १ एप्रिल १९५७ ला कोकणातले कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी, रातोरात आणि फुकटात जमिनीचे मालक झाले. तोवर कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुकाट खोताची वेठ करत होता. शेवटी जोडलेले हात आणि प्रश्न, ‘आज आहे का असा मंत्री?’

हिऱ्यांविषयीच्या आदराबद्दल तक्रार नाही. शेतकरी घरातून येऊन वकील झालेला माणूस. १९५२ नंतर मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात महसूल खाते त्यांच्याकडे होते आणि कूळ कायद्यातली १९५६ ची मोठी दुरुस्ती त्याच काळातली. ‘कसेल त्याची जमीन’ म्हटले की त्यांचे नाव निघते, ते वाजवीच आहे. पण मोठ्या माणसाला दुसऱ्याचे श्रेय चिकटवले की तो आणखी मोठा होत नाही, आणि ज्यांचे श्रेय होते ते मात्र पुसले जातात.

आधी खोतीचे. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, अंमल १९५० पासून. तेव्हा मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि महसूल खाते मोरारजींकडे. मोरारजी शिक्षकाचे चिरंजीव, तरुणपणी इंग्रज सरकारात डेप्युटी कलेक्टर. त्याच्याही आधी, १७ सप्टेंबर १९३७ ला, खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ते मंजूर होईना, तेव्हा १० जानेवारी १९३८ ला ठाणे, कुलाबा (आताचा रायगड), रत्नागिरीकडचे हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. म्हणजे खोतीवर घाव घालणारे हे दोघे, एक डेप्युटी कलेक्टर आणि एक बॅरिस्टर. ‘शेतकऱ्याच्या पोटी जन्मला म्हणून’ हे कारण इथेच गळून पडते.

आता ‘मुकाट’. हा शब्द लिहिणाऱ्याने अलिबाग-पोयनाड रस्त्याने एकदा तरी जावे. वाटेत चरी हे गाव लागते. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे सभा भरली आणि पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवले की खोताची जमीन कसायची नाही. पुढारी नारायण नागू पाटील, त्याच भागातले.

हे करणे म्हणजे काय, ते खारेपाट, म्हणजे इथली खाडीकाठची भातजमीन, पाहिलेल्यालाच कळेल. ही जमीन समुद्राकडून हिसकावून घेतलेली. बाहेरून मातीचा बांध, त्यात उघाडी, म्हणजे पाण्याची दारे. भरतीला पाणी अडवायचे, ओहोटीला आतले सोडायचे. बांध दरसाल चिखल घालून राखावा लागतो. तो राखणारे हात कुळांचे. बांध फुटून खारे पाणी आत आले की पुढची काही वर्षे भाताचे नाव घ्यायला नको. आणि एवढे राबून हाती काय? पीक उभे असतानाच खोताची माणसे अभावणीला यायची, म्हणजे नुसत्या नजरेने अंदाज करून किती पिकेल ते ठरवायची. त्यावर खोताचा अर्धा वाटा. पीक नंतर बुडाले तरी कागदावरचा आकडा हलत नसे.

तर अशी जमीन या लोकांनी एक हंगाम नव्हे, सहा वर्षे ओसाड ठेवली. नुकसान खोताचे होते, तसे स्वतःच्या चुलीचेही होते. जंगलातली मोळी विकायची, खाडीतली मासळी धरायची, यावर घरे चालली. सरकारने सभाबंदी घातली. १९३७ मध्ये ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघाले ते याच चळवळीचे म्हणणे मांडायला. अखेर १९३९ मध्ये महसूलमंत्री मोरारजी देसाईंना चरीला यावे लागले. मंत्री गावात आला हे खरेच, पण सहा वर्षे नांगर न लागल्यावर. याला मुकाट म्हणायचे तर बोलणे कशाला म्हणायचे?

त्या भेटीनेही कोणी मालक झाले नाही. १९३९ च्या कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ठरायला १ जानेवारी १९३८ आधी सलग सहा वर्षे कसलेले असणे लागे. शिवाय हा कायदा आधी निवडक भागांत लागला. प्रांतभर यायला १९४६ उजाडले. मग १९४८ चा नवा कूळ कायदा, १९४९ चा खोतीचा, १९५६ ची कूळ कायद्यातली दुरुस्ती. सह्या मोजायला बसलात तर एका हाताची बोटे पुरतात, पण एक बोट नाही पुरत.

‘फुकटात’ तर साफ खोटे. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरायची: कायम कुळाला खंडाच्या, म्हणजे जमिनीच्या भाड्याच्या, सहा पट, इतरांना आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, २० ते २०० पट. हप्ते बारापर्यंत. पैसे भरले की कलम ३२म चे खरेदीचे प्रमाणपत्र. ते मिळाले तरी कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय विक्री नाही. २०१४ च्या दुरुस्तीने खरेदीला दहा वर्षे झालेल्यांना आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारला भरून ती मोकळीक मिळाली.

राहिले ‘रातोरात’. गावातला जुना, हाताने लिहिलेला सातबारा काढून बघा. वर कब्जेदाराच्या जागी जुन्या मालकाचे नाव, आणि इतर अधिकाराच्या रकान्यात, शाई उडालेल्या अक्षरात, ‘कूळ’ म्हणून तुमच्या आज्याचे. ३२ग झालेच नाही, किंवा झाले आणि प्रमाणपत्र आणायला कोणी तालुक्याला गेले नाही, कारण कर्ता माणूस गिरणीत मुंबईला. ज्यांच्याकडे खंडाची पावतीच नव्हती, सगळा व्यवहार तोंडी, त्यांचे नाव तर चढलेच नाही. मालक विधवा, अज्ञान (वयात न आलेला) किंवा सैन्यात असेल तर कायद्यानेच कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला होता; ती मुदत कधी सुरू झाली आणि कधी टळली, हे पुष्कळ घरांना कळलेही नाही. आणि खोती गेली तरी खोताची खासगी जमीन त्याच्याकडेच राहिली. ती कसणाऱ्याला आपण कूळ आहोत हे वेगळे सिद्ध करावे लागले.

आता तीच जमीन हमरस्त्याला लागून आली, गुंठ्याला भाव आला, की त्या रकान्यातल्या नावावरून चुलत्या-पुतण्यांचे दावे उभे राहतात. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी असा एखादा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, अजून लोंबकळत असेल. तो तलाठ्याकडे जाऊन एकदा बघून घ्यावा, ३२म असेल तर त्याची नक्कल काढावी.