पेपरात नव्हतं का गं?

आज सकाळी आप्पांनी चष्मा काढून मला विचारलं, "पेपरात नव्हतं का गं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलेय.

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला संगीत सभा असते, ती यंदा होऊन गेली. आम्हाला कळलं ते संपल्यावर. तेसुद्धा पुण्यातल्या भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला म्हणून. सांगलीहून मिरज दहा किलोमीटर, पुणे सव्वादोनशेच्या वर. आणि आम्हाला आमच्या बोडक्यावरचं पुण्याहून कळतं!

मी आठवडाभराची रद्दी उपसून बघितली. आमच्याकडं येणाऱ्या पेपरात एक ओळ सापडली नाही. वाढदिवस मात्र पानं भरभरून. अमुक भाऊ, तमुक दादा, खाली शुभेच्छुकांचे शंभर फोटो. जिल्ह्याचं पान म्हणून जे येतं त्यात निम्मं कुठल्याही जिल्ह्यात खपेल असं. जाहिरातींशिवाय पेपर चालत नाही, कळतं मला. पण चार ओळींना जागा लागते किती हो? एका शुभेच्छुकाच्या फोटोएवढी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले आणि त्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या आठवणीत तिथं चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे कलाकार गाऊन-वाजवून जातात. तिकीट नाही, पास नाही. समोर सतरंजीवर हमालही बसतो आणि डॉक्टरही. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. हे असं आमचं गाव आहे.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा चौथीत होते. आप्पांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून. आप्पा बँकेत कारकून, गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. घरात कुणी तंबोऱ्याला हात लावलेला नव्हता. मग गेलो कसे? तर पेपरात चार ओळी होत्या. वर कुठल्याशा पतसंस्थेची सभा, खाली उद्या पाणी येणार नाही, आणि मध्ये दर्ग्यातलं गाणं. आप्पा पाण्याचं वाचायला गेले आणि गाण्यापाशी थांबले. लाल पेन्सिलीनं खूण केली आणि आईला म्हणाले, "लवकर जेवायला वाढ, पोरीला घेऊन मिरजेला जाऊन येतो."

मी अर्ध्यात झोपले होते त्यांच्या मांडीवर. पण उठले तेव्हा तंबोरे चालू होते आणि आप्पा रडत होते. बँकेतला माणूस. मी त्यांना तोवर रडताना बघितलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी एक साल चुकवलं नाही. फक्त महापुरात घर गेलं त्या साली मन नाही झालं त्यांचं.

कुणी म्हणेल फेसबुकवर होतं की. असेल. मीही इथंच लिहितेय. पण फोन मला तेच दाखवतो जे मी आधी बघितलंय. ज्याला गाणं आवडतं त्याला गाणं, ज्याला क्रिकेट आवडतं त्याला क्रिकेट. आप्पांसारख्या कारकुनाला कोण दाखवणार होतं दर्गा? गावाचा पेपर सगळ्यांसमोर एकच पान टाकायचा. रक्षाविसर्जन किती वाजता आहे ते बघायला पान उघडावं, तर शेजारी कीर्तन, त्याच्या खाली भावे नाट्यमंदिरातलं नाटक. न मागता मिळायचं. मला तर वाटतं निम्मी सांगली नाटकाला लागली ती अशीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं सीता स्वयंवर केलं म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणवतो, ते ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, म्हणायला ठीक आहे. उरलेल्या ३६४ दिवसांत आज रात्री पडदा किती वाजता वर जाणार, हे कुणी सांगायचं?

आणि रेडिओ! "आकाशवाणीचं हे सांगली केंद्र आहे," मग ते बाराशे एक्कावन्न किलोहर्ट्झ. हे केंद्र १९६३ चं, म्हणजे माझ्याहून मोठं. आमच्या गल्लीतल्या एक काकू तिथं भावगीत गाऊन आल्या होत्या. लागलं त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भाजीवाली काकूंना "बाई, काल तुम्ही होय?" म्हणून विचारत होती आणि कोथिंबिरीचे पैसे घेत नव्हती. मुंबईच्या वाहिनीवर कुणी गायलं तर असं होतं का?

पाऊस लागला की मात्र सगळ्यांना गावच्या बातमीची किंमत कळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीच्या लहान पोरालाही पाठ आहे. आम्ही गावभागातून नेसत्या कपड्यांनिशी विश्रामबागेत बहिणीकडं गेलो. टीव्हीवर आमची बातमी होती, नाही असं नाही, पण हेलिकॉप्टरमधून. सूर्यवंशी प्लॉटातली माणसं हलवली का, हरभट रोडवर पाणी कुठवर आलं, टिळक चौकातनं नाव जाते का, हे सांगत होती ती गावातलीच पोरं. कॅमेरा डोक्यावर धरून छातीभर पाण्यात उभी होती ती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आज जे बोलतेय ते त्या पोरांवर नाही. बातमी ती आजही आणत असतील, पण पानावर जागाच नाही तिला.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडं मोठ्या बातम्या आल्या. आल्याच पाहिजेत. पण तो तंबोरा जिथं वाजतो, तिथलं आमंत्रण छापायला नको?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. आप्पा आता ८४ वर्षांचे आहेत. सायकल सुटली, रिक्षानं नेलं असतं मी. पुढच्या वर्षी नेईन असं मी म्हणाले तर आप्पा नुसते हसले. दुपारी भाच्यानं पाठवलेला व्हिडिओ लावून दिला. दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "बंद कर. ह्यात चिंच दिसत नाही."

म्हणून सांगली, मिरज, हरिपूर, कुपवाडच्या मंडळींना विनंती. भजन असो, नाटक असो, व्याख्यान असो, शाळेचं गॅदरिंग असलं तरी चालेल. तारीख, वेळ, ठिकाण खाली लिहा. मी रोज सकाळी वहीत उतरवून आप्पांच्या चहाजवळ ठेवणार आहे. लाल पेन्सिल आणलीय.