७ तास, ८०,००० वस्तू आणि पाय मात्र दोनच

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे, आणि घात तिथेच होतो. फुकट ते पौष्टिक या न्यायाने आपण सगळंच बघायला निघतो.

जरा हिशेब मांडा. संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू, त्यातल्या मांडलेल्या साधारण ८०,०००. दार दहाला उघडतं, पाचला मिटतं. ७ तासांचे सेकंद २५,२००. एका वस्तूच्या वाट्याला सेकंदाचा एक तृतीयांशही येत नाही. पापणी लवली की एक रांजण हुकला. यात चहा धरलेला नाही.

संध्याकाळी पाय मोडतात ते चालून नव्हे, घुटमळून. भरभर चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत राहतात. दोन पावलं टाकून थांबलं की ते पायातच साचतं. त्यात माहितीच्या पाट्या गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे कंबरही गेली. बोस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच या शिणवट्यावर लेख लिहिला होता, वाकून पाट्या वाचणाऱ्या माणसाच्या फोटोंसकट. पाट्या अजून तिथेच आहेत.

तेव्हा फुकट असलं तरी वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. चाकांची बॅग हॉटेलवरच ठेवा, ती आत घेत नाहीत. ग्रेट रसेल स्ट्रीटच्या मुख्य दाराशी झडतीची रांग दिसली तर वळसा घालून माँटेग्यू प्लेसच्या मागच्या दाराने जा. तिथे बऱ्याचदा गर्दी कमी असते. शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. मला विचाराल तर तीच वेळ खरी.

खोली ४ मधल्या रोझेटा शिळेभोवती आषाढीची गर्दी असते. दर्शन होतं, पण समोरच्याच्या मोबाइलच्या पडद्यावर. ही शिळा ७६० किलोंची, आणि मजकूर विचाराल तर चक्क जीआर! इजिप्तच्या पाचव्या टॉलेमी राजाची स्तुती, देवळांना करसवलत, आणि प्रत देवळादेवळांत लावण्याचा आदेश. तोही तीन लिप्यांत, म्हणजे ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणायची सोय नाही. धक्के खायचे नसतील तर खोली १ मध्ये तिची प्रतिकृती आहे. तिला हातही लावता येतो, आणि बहुतेकांना ती ठाऊकच नसते.

माझा खरा जीव मात्र वरच्या मजल्यावर, खोली ५६ मध्ये. मातीची वडी, उंची ११.६ सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. दोन्ही बाजू बारीक खिळ्यांसारख्या अक्षरांनी खच्चून भरलेल्या. संतापलेल्या माणसाला एक बाजू कधी पुरते? इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराचं हे आजच्या इराकमधल्या ऊर शहरातलं तक्रारपत्र. नन्नी नावाचं गिऱ्हाईक, एआ-नासिर नावाचा तांब्याचा व्यापारी. माल हलका निघाला, आणि वर नन्नीच्या माणसाला ऐकवलं काय, तर घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालते व्हा! हे वाक्य ज्याला आपल्या पेठेतल्या दुकानात ऐकल्यासारखं वाटत नाही, त्याने पेठेत खरेदीच केलेली नाही. नन्नीने ठणकावलंय की यापुढे माझ्याच अंगणात एकेक लगड पारखून घेईन. उत्खननात अशा आणखीही तक्रारी मिळाल्या, म्हणजे गडी सराईत. सगळी गर्दी तोवर ममींच्या खोल्यांकडे पळालेली असते, त्यामुळे इथे निवांत उभं राहता येतं.

शेवटी खोली ४०. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ साली सापडलेली बुद्धिबळाची प्यादी-मोहरी, बहुतेक वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेली. एक प्यादा ढालीची कड दातांनी चावतोय... चुकलो, तो हत्ती आहे, त्यांच्याकडे हत्तीच्या जागी शिपाईगडी उभा असतो. पण बघायची ती राणी. बाराव्या शतकापासून उजवा हात गालाला लावून, डोळे वटारून बसली आहे. पाचला दहा कमी असताना तिच्यासमोर उभ्या प्रत्येकाचा हात आपोआप गालाकडे जातो.