चॅपल बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या) परंपरेच्या शाळांतलं चॅपल, म्हणजे मुलांची ख्रिस्ती प्रार्थनासभा, हे ब्रिटिशांचं उष्टं, वर सक्ती, आतून धर्मांतर आणि मुलांच्या मनाला फायदा शून्य. त्यापेक्षा ध्यानाचा तास लावा, समुपदेशक नेमा. आमचं घर हिंदू, मुलगी अशाच शाळेत. तेव्हा बोलणं भाग आहे.

‘ब्रिटिशांचं’ हे आधी निकालात काढू. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे भारतीय चर्च स्थापन झालं आणि इथली अँग्लिकन मंडळी त्यात विलीन झाली. पुढे चला.

‘सक्ती आहे.’ राज्यघटनेचं कलम 28, पोटकलम 3 वाचा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणालाही उपासनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची. नको असेल तर मुख्याध्यापकांना तसं पत्र द्या. फॉर्मवर न वाचता सही ठोकायची आणि मग ग्रुपवर ओरडायचं, ही आपली जुनी खोड.

‘धर्मांतर.’ नाशिकच्या शरणपूरचा इतिहास झाकून उपयोग नाही. चर्च मिशनरी सोसायटी या ब्रिटिश अँग्लिकन मिशनने ती वसाहत वसवली ती ख्रिस्ती झालेल्यांसाठीच. पण तिथेच गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुलंही शिकली. जेकब वेनराइट त्यांतला. 1873 मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचं हृदय झाडाखाली पुरताना दफनाची प्रार्थना वाचली ती याने, खोडावर अक्षरं कोरली तीही यानेच. घरदार हिरावलेल्या पोराकडे मृत्यूसमोर म्हणायला शब्द होते. आजच्या शाळेवर आरोप असेल तर पुरावा द्या; मेसेजमध्ये एकही नाही.

‘फायदा शून्य.’ हार्वर्डच्या संशोधकांनी 2018 मध्ये पाच हजारांवर अमेरिकी मुलांचा अभ्यास मांडला. आठवड्याला उपासनेला जाणारी मुलं, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, विशीत स्वतःला जास्त आनंदी म्हणण्याची शक्यता 18 टक्क्यांनी जास्त निघाली. तो अभ्यास शाळेतल्या चॅपलचा नव्हता, म्हणून हा आकडा मी शाळेच्या चॅपलला जसाच्या तसा चिकटवणार नाही. मला पटतं ते डोळ्यांनी पाहिलेलं. एक गीत, एक स्तोत्र, मग मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायची, प्रार्थना. ज्याच्या घरी आजारपण आहे तो आधी चिठ्ठी देतो. सातवीतला मुलगा वर्गात उभा राहून ‘आजी आयसीयूत आहे’ असं कधीच सांगणार नाही. इथे नाव वाचलं जातं, सगळे क्षणभर गप्प राहतात, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडताना कुणीतरी विचारतंच, ‘काय रे, कशी आहे आजी?’ हे वेळापत्रकातल्या दुसऱ्या कुठल्या तासाला होतं, सांगा.

‘त्यापेक्षा ध्यान.’ ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर माइंडफुलनेसच्या तासांची चाचणी झाली. 2022 मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही सुधारणा नाही. सरसकट सगळ्यांना बसवून मन शांत होत नसतं, मग ते ध्यान असो की चॅपल.

राहिला समुपदेशक. इथे मेसेजवाल्यांचं शंभर टक्के बरोबर. झोप उडालेल्या, जेवण टाकलेल्या मुलाला स्तोत्र पुरत नाही. पण त्यासाठी चॅपल बंद कशाला? पुढच्या पालकसभेत मी एवढंच विचारणार आहे: समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतात, आणि मुलांना त्यांची खोली कुठे आहे हे तरी ठाऊक आहे का?