प्रतिक्रियेला उत्तर: मनगट नाही, मग अँगल येतो कुठून?

डिस्क गोल्फवरच्या (टोपलीकडे डिस्क फेकायचा खेळ) माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. मी "मनगट वळवू नका" एवढं सांगून मोकळा झालो, तुम्ही महिनाभर तेच केलंत तरी डिस्ट्रॉयर (लांब फेकीची वेगवान डिस्क) वर चढून डावीकडेच पडतेय, आणि व्हिडिओत प्रो लोक तर सर्रास मनगट फिरवतात, असं तुमचं म्हणणं.

अर्धी चूक माझी, कबूल. हायझर (डिस्कचा बाजूचा कल) आणि नोज (तिची टार्गेटकडची कड) मी एकाच वाक्यात कोंबलं. हातात आमटीचं ताट आहे समजा (उजव्या हाताचा बॅकहँड धरून बोलतोय). आमटी छातीपासून लांबच्या कडेने सांडली तर हायझर, छातीकडे सांडली तर ॲनहायझर, आणि टार्गेटकडची कड वर गेली तर नोज अप. तुमची डिस्क वर जाऊन हवेत अडल्यासारखी होते आणि मग डावीकडे कोसळते ना, म्हणजे हायझर बहुतेक ठीकच आहे, घोळ नोजचा आहे.

आता मनगट. प्रो लोक फिरवतात, खरंय, पण कधी ते बघा. हात मागे नेतानाच, कुलपात किल्ली फिरवल्यासारखं, जरासं उजवीकडे, आणि नोज खाली येतं ते त्यानेच. हेच डिस्क सोडताना केलंत की ती उलटून ॲनहायझर होते आणि उजवीकडे निघून जाते. मी नको म्हणत होतो ते हे दुसरं, पहिलं लिहायलाच विसरलो. हायझर मात्र मनगटातून नाहीच यायचा, कमरेतून वाका, खांदे झुकतील, हात त्याच पातळीत ओढा, बास.

आणि रागावू नका, पण डिस्ट्रॉयर कशाला? 12/5/-1/3 आहे ती (क्रमाने स्पीड, ग्लाइड म्हणजे तरंगणं, टर्न म्हणजे सुरुवातीला उजवीकडे वळणं, फेड म्हणजे शेवटी डावीकडे वळणं), हाताला स्पीड नसेल तर नोज कितीही नीट असलं तरी डावीकडेच जाणार. महिनाभर लेपर्ड ही कमी स्पीडची डिस्क (6/5/-2/1) घ्या, रन-अप नको, उभ्यानेच फेका.

मी स्वतः कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला, डेलाव्हिएगा डिस्क गोल्फ कोर्सच्या 27 नंबरच्या होलवर, टेकडीवरून खाली फेकताना, हीच चूक कितीदा केलीय. उतारावर माणूस नकळत मागे रेलतो, नोज वर, आणि डिस्क झाडीत. शोधत बसा.

व्हिडिओ काढताना फोन मागे ठेवलात तर हायझर दिसतो, नोज दिसत नाही, त्यामुळे एकदा बाजूनेही काढा आणि इथेच टाका. पोस्टमधलं ते वाक्य आज रात्री बदलतो.