अण्णा, ‘ल त्रू’ आणि हातांचा सिनेमा

अण्णांना फ्रेंच येत नाही. इंग्रजी सबटायटल्सही त्यांच्या डोळ्यांना आता झेपत नाहीत, अर्धी ओळ वाचून होईतो पुढची आलेली असते. तरी मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि फ्रेंच दिग्दर्शक झाक बेकरचा ‘ल त्रू’ हा सिनेमा संपेपर्यंत उठले नाहीत. दोन तासांहून जास्त. समोरचा चहा निवून गेला.

अण्णांनी भोसरीत बत्तीस वर्षं लेथ चालवली. सिनेमाला आम्ही दोघं एकत्र बसलोय असं फारसं कधी झालं नाही, म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटलं.

‘ल त्रू’ म्हणजे भोक. १९४७ साली पॅरिसच्या ला सांते तुरुंगातून पळून जाण्यासाठी कैद्यांनी भुयार खणायचा घाट घातला होता, त्याची ही गोष्ट. त्या कैद्यांपैकी झाँ केरोदी यालाच बेकरने पडद्यावर उभं केलं. सुरुवातीला हा माणूस गाडी दुरुस्त करता करता उठतो, कॅमेऱ्याकडे वळतो आणि सांगतो की ही माझी गोष्ट आहे. बेकर मात्र १९६० साली सिनेमा लागायच्या आधीच गेला. आपला सर्वोत्तम सिनेमा लोकांनी पाहिलेला त्याला बघायला मिळाला नाही, याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

तर तो प्रसंग. कोठडीतल्या जमिनीच्या लाकडी पट्ट्या काढल्या जातात. खाली काँक्रीट. हत्यार म्हणून खाटेचा काढलेला लोखंडी तुकडा, बस. घाव सुरू होतात. कॅमेरा त्या जमिनीवरून हलत नाही. सुरुवातीला नुसता ओरखडा उठतो. एकाचे हात भरून आले की लोखंड दुसऱ्याकडे जातं. पुन्हा घाव. एक टवका उडतो, मग जरा मोठा, मग खडी दिसायला लागते. कितीतरी वेळ कट नाही. संगीत तर शेवटच्या नामावळीपर्यंत अख्ख्या सिनेमात नाही.

पहिला टवका उडाला तेव्हा अण्णा पुटपुटले, “आता धरलं.” आणि थोड्या वेळाने केरोदीकडे बोट दाखवून म्हणाले, “बाकीचे नट असतील. ह्याला काम येतं.” केरोदी कोण आहे ते मी त्यांना तोवर सांगितलंही नव्हतं. त्याने लोखंड कसं धरलंय एवढ्यावरून त्यांनी ओळखलं.

फ्रेंच सिनेमा म्हणजे कॅफे, सिगारेट आणि प्रेमावर न संपणाऱ्या गप्पा, असं मी कॉलेजपासून ऐकत आले आहे. तसे सिनेमे आहेत, आणि दिग्दर्शक एरिक रोमेरचे तर मला मनापासून आवडतात. गोदारचा ‘ब्रेथलेस’ मी तीनदा पाहिला. त्याने संकलनाचे, म्हणजे दृश्यं कापून जोडण्याचे, नियम मोडले म्हणून पुढच्या किती जणांचे हात मोकळे झाले हे मला कळतं, पण त्यातली माणसं माझ्या मनात घर करत नाहीत. कुणाला राग आला तर येऊ दे. मला भिडला तो वेगळा फ्रेंच सिनेमा, माणसाच्या हातांकडे बघत बसणारा.

रोबेर ब्रेसाँचा १९५६ चा ‘अ मॅन एस्केप्ड’ घ्या. हाही तुरुंगाचाच, हाही खऱ्या घटनेवरचा. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातल्या लियाँच्या माँल्युक तुरुंगातून आंद्रे दविन्यी निसटला होता. शेवट काय होणार हे नावातच सांगून टाकलंय. तरीही चमच्याची पटाशी करून तो माणूस दाराच्या फळ्यांमधले सांधे कोरतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. काय होणार हा प्रश्नच संपलाय. कसं होणार, एवढंच उरतं, आणि तेवढं पुरतं.

आपल्याकडे काय, हॉलिवुडमध्ये काय, मेहनत ही गाण्याच्या दोन कडव्यांत उरकायची गोष्ट झाली आहे. घाम, सूर्योदय, आणखी घाम, की झाला माणूस तयार. माझी तक्रार एवढीच आहे. ज्यात माणसाचं आयुष्य जातं तेच आपण कापून टाकतो.

शेजारच्या बेल्जियममधली शांताल आकेरमान हिने १९७५ साली ते कापायला साफ नकार दिला. ‘झान दिएलमान’ हा तिचा सिनेमा तीन तास वीस मिनिटांचा आहे आणि त्यात नायिका झालेली देल्फिन सेरिग बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरुणं घालते. आकेरमान तेव्हा पंचवीस वर्षांची होती. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात समीक्षकांनी याला आजवरचा सर्वश्रेष्ठ सिनेमा ठरवलं, तेव्हा बरीच आदळआपट झाली. मी स्वतः तो पहिल्यांदा तासाभरात बंद केला होता. मग आईचं ऑपरेशन झालं आणि सव्वा महिना स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. भाजी, कुकर, ओटा, पुन्हा भाजी. त्यानंतर पाहिला. एका संध्याकाळी तिचे बटाटे जास्त शिजतात आणि ते पातेलं घेऊन काय करावं हे तिला सुचेना होतं. त्या क्षणी मला खरंच भीती वाटली. इतकी भीती मला भुताच्या सिनेमात वाटलेली नाही. आईने किती वर्षं हा क्रम न चुकता धरून ठेवला असेल, आणि आम्ही कुणी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणून असे सिनेमे ‘संथ’ म्हणून बाजूला सारले की मला त्रास होतो. काँक्रीट फोडायला जितका वेळ लागतो तितका लागतो.

पुढच्या रविवारी अण्णांना बेल्जियमच्याच दार्देन बंधूंचा २००२ चा ‘ल फिस’ (म्हणजे मुलगा) दाखवणार आहे. त्यात एक सुतार मुलांना काम शिकवतो, आणि कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्या मानेमागे. त्यातला एक मुलगा रात्री रस्त्यात त्याला विचारतो, इथून तिथपर्यंत किती अंतर असेल? सुतार नुसत्या नजरेने सांगतो. मुलगा घडीची पट्टी उघडून मोजतो, आणि ते बरोबर निघतं. त्या दोघांमध्ये काय आहे ते इथे सांगत नाही. अण्णांनाही सांगणार नाही. सबटायटल्स मात्र या वेळी मीच वाचून दाखवेन, हळू आवाजात, लागतील तेवढीच.